सफर, शिधा आणि बक्षीस



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, आता सिंहांच्या आणि हत्तींच्या गोष्टी ऐकावयास मिळणार. सिंह येतील, पण बेताचेच. मला बोलावयाचे आहे ते सिंह मारणाऱ्याच्या मागून डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या माणसांविषयी, आणि शिकार संपल्यावर त्यांच्या हातावर जे काही ठेवले जाई त्याविषयी. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत त्याला ‘बक्षीशी’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? फारसीतून तो जसा आपल्याकडे आला, तसाच अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठालाही लागला. ‘सफारी’ ही तर आपल्या ‘सफरी’ची सख्खी बहीण. तिकडे हमालाला ‘हमाली’ म्हणतात, दुकानाला ‘डुका’ म्हणतात, लाखाला ‘लाकी’ म्हणतात. तेव्हा आपण फार परक्या मुलखात चाललो आहोत असे समजू नका.

नोकराला काम करून घेऊन जे द्यावयाचे त्याला आपल्या भाषेत एक शब्द नाही, पाचसहा आहेत. आणि त्यांत मोठा अर्थ आहे. पगार हा ठरलेला. शिधा हा पोटापुरता. बलुतेदार खळ्यावर येऊन उभा राही तो हक्काने. त्याचे बलुते म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. दिवाळीची आणि शिमग्याची पोस्त मात्र चमत्कारिक. मालक खुशीत असला तर रुपया, नसला तर चार आणे. पण पोस्त मुळीच न देणाऱ्या मालकाला सारी आळी नावे ठेवी. म्हणजे ती धड देणगी नव्हे, धड हक्कही नव्हे. आणि बक्षीस? ते सर्वस्वी देणाऱ्याच्या मर्जीवर. आफ्रिकेतील शिकारी सफरीचा इतिहास मी जसजसा वाचीत गेलो तसतसे मला वाटू लागले की, हमालाच्या हातावर पडणाऱ्या त्या पैशाला यांपैकी कोणते नाव द्यावयाचे, याचाच तो तंटा आहे. मालक म्हणतो बक्षीस, आणि घेणाऱ्याच्या मनात असते बलुते.

या तंट्यातील एका नामांकित प्रकरणाचे कागद आपल्या मुंबई सरकारच्या दप्तरात येऊन पडले होते. १८५७ साली रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक हे दोघे झांझिबारसमोरच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या पोटात शिरले. बर्टन हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी; अनेक भाषांचा पंडित, मराठीची परीक्षाही दिलेला. त्यांचा हेतू शिकारीचा नव्हता, मोठ्या सरोवरांचा आणि नाईलच्या उगमाचा शोध लावण्याचा होता. पण पुढच्या शिकारी सफरीचा सगळा सांगाडा, म्हणजे हमाल, पहारेकरी, मुकादम, वाटाड्या, असल्याच तांड्यांत घडला. म्हणून आरंभ तिथून करणे भाग आहे. बर्टनबरोबर सुलतानाने दिलेले बलुची शिपाई होते, सैद बिन सलीम हा तांड्याचा नायक होता, आणि झांझिबारच्या जकातखान्यातील रामजी नावाच्या हिंदू कारकुनाचे काही गुलाम भाड्याने घेतलेले होते. हे सर्व लोक जमवून देण्यात तेथील इंग्रज वकील कर्नल हॅमर्टन याचे वजन खर्ची पडले होते. कामगिरी फत्ते झाली तर चांगले इनाम मिळेल, असा शब्द त्याने दिला होता असे या लोकांचे म्हणणे. तांडा निघाला आणि थोड्याच दिवसांत, जुलै १८५७ मध्ये, हॅमर्टन वारला. शब्द देणारा गेला, शब्द राहिला.

१८५८ च्या फेब्रुवारीत टांगानिका सरोवर दिसले, ऑगस्टात स्पीकला व्हिक्टोरिया सरोवर दिसले, आणि १८५९ च्या आरंभी सारे किनाऱ्यावर परतले. दीड वर्षाहून अधिक काळ ताप, उपास आणि पायपीट. आता हिशेबाची वेळ आली तेव्हा बर्टनने हात वर केले. त्याचे म्हणणे असे की, हे लोक उद्धट, चोरटे आणि पळपुटे निघाले. इनाम हे चांगल्या वागणुकीबद्दल असते. वागणूक चांगली नव्हती, तेव्हा इनाम नाही. आणि तो गलबतात बसून निघून गेला. हॅमर्टनच्या जागी आलेला कॅप्टन रिग्बी याने त्या लोकांची गाऱ्हाणी ऐकून घेतली आणि १८५९ च्या जुलैत मुंबई सरकारच्या चिटणीसाला सविस्तर पत्र लिहिले. प्रकरण लंडनला पोचले. १८६० च्या जानेवारीत इंडिया ऑफिसने बर्टनला ठपका दिला. त्याचा मतलब असा: तुझ्यावर या लोकांच्या वेतनाचे दावे आहेत हे तुला माहीत होते; ते वकिलापुढे मांडून त्यांचा निवाडा करून घेतल्याशिवाय झांझिबार सोडणे हे तुला शोभले नाही; यात सरकारच्या नावाला बट्टा लागला. दाव्यांपोटी रक्कम देण्यात आली होती. ती बर्टनकडून वसूल करावयाची की नाही, हे ठरविण्याचे काम मुंबई सरकारकडे सोपविण्यात आले.

या पत्रव्यवहारात मला सर्वांत मोलाची वाटते ती एकच गोष्ट. बर्टनने ज्याला इनाम म्हटले त्याला सरकारने वेतन म्हटले. बर्टनच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की, त्याने हा सगळा पत्रव्यवहार, स्वतःला मिळालेल्या ठपक्यासह, आपल्या ग्रंथाच्या शेवटी छापून टाकला. माणूस मग्रूर होता, पण लपवाछपवी करणारा नव्हता.

त्याच तांड्यात सिद्दी मुबारक बॉम्बे नावाचा एक मनुष्य होता. लहानपणी त्याला गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पकडले आणि हिंदुस्थानात आणून विकले. धनी वारल्यावर तो मोकळा झाला आणि परत झांझिबारला गेला. नावातले ‘बॉम्बे’ ते इकडचे. स्पीकची बंदूक तो वाही, आणि दोघे बोलत ते हिंदुस्थानीत. पुढे तो स्पीक आणि ग्रँटबरोबर गेला, स्टॅन्लेबरोबर गेला, कॅमेरॉनबरोबर गेला. इंग्लंडच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला रुपेरी पदक दिले आणि १८७६ साली पेन्शन बांधून दिले. पेन्शन! बक्षीस नव्हे. असा सन्मान त्या काळच्या फार थोड्या वाटाड्यांच्या वाट्याला आला.

यानंतर चाळीस वर्षांत चित्र पालटले. १८९६ ते १९०१ या काळात हिंदी मजुरांच्या हातांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग झाला, वाटेत नैरोबी उभी राहिली, आणि ज्या मुलखात शिरण्यासाठी पूर्वी प्राणावर उदार व्हावे लागे तिथे अमीर-उमराव आगगाडीतून उतरून शिकारीला निघू लागले. न्यूलंड आणि टार्ल्टन या नैरोबीच्या पेढीने सफर पुरविण्याचा धंदाच मांडला. पाहुण्याने पैसे भरावयाचे. तंबू, हमाल, आचारी, गोरा मार्गदर्शक, सारे तयार.

या सफरीतली माणसे एका पायरीवरची नव्हती. सर्वांत वर ‘न्यापारा’, म्हणजे मुकादम. मग बंदूकबरदार, हा जनावराच्या पुढ्यात साहेबाच्या खांद्याशी उभा राही, आणि साहेबाची पहिली गोळी वाया गेली की दुसरी बंदूक त्याच्या हातात देई. त्यापळीकडे पळून न जाणे हेच त्याचे मुख्य काम. मग आचारी, तंबूतला पोऱ्या, पहाऱ्याचे ‘अस्करी’, घोड्याचा सईस (हाही शब्द तिकडे आपल्याकडूनच गेला), कातडी सोलणारे. आणि सर्वांच्या खाली ‘पगाझी’, म्हणजे हमाल. ओझे साठ रतलांचे, डोक्यावर. शिधा दिवसाला एक ‘किबाबा’, म्हणजे सुमारे दीड रतल धान्य किंवा पीठ; त्याला ते ‘पोशो’ म्हणत. आणि पगार? पहिल्या महायुद्धापूर्वी साधारणपणे महिना १० रुपये.

होय, रुपये. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत चलन रुपयाचे होते आणि एका पौंडाला १५ रुपये हा भाव बांधलेला होता. त्यामुळे हा हिशेब आपल्याला मनातल्या मनात करता येतो. बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला त्या काळी परवान्यासाठी ५० पौंड भरावे लागत. म्हणजे ७५० रुपये. जनावरे मारण्याच्या नुसत्या कागदाची किंमत हमालाच्या पंचाहत्तर महिन्यांच्या, म्हणजे सव्वासहा वर्षांच्या पगाराइतकी! तंबू, दारू, गोऱ्या मार्गदर्शकाची फी हे सगळे निराळेच.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ च्या एप्रिलात मोंबासाला उतरले ते चिरंजीव केर्मिटसह. त्यांच्या सफरीत दोनशेंवर हमाल होते. स्मिथ्सोनियन संस्थेसाठी कातडी टिकवावयाची म्हणून चार टन मीठ बरोबर घेतले होते; साठ रतलांच्या हिशेबाने नुसत्या मिठाचीच शंभरांहून अधिक ओझी झाली. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली. या प्रवासाच्या लेखांबद्दल एका मासिकाने रूझवेल्टना ५० हजार डॉलर दिले. मी हे हेटाळणीने सांगत नाही. रूझवेल्टचे वाचन दांडगे होते, त्याने जमविलेला संग्रह शास्त्राच्या उपयोगी पडला, आणि आपल्या बरोबरच्या काळ्या माणसांविषयी त्याने कितीतरी शिकाऱ्यांपेक्षा अधिक लिहिले आहे. मी फक्त दोन आकडे शेजारी शेजारी ठेवतो.

आता बक्षीस कुठे येते ते पाहू. पहिले बक्षीस पैशाचे नव्हतेच, मांसाचे होते. रोज पीठ उकडून खाणाऱ्या माणसाला साहेबाने झेब्रा किंवा रानरेडा पाडला की मेजवानी. पुष्कळ बंदूकबरदार मुसलमान असत. जनावर धुगधुगीत असतानाच त्याच्या मानेवर सुरी फिरविण्यासाठी त्यांची धावपळ उडे, कारण एरवी ते मांस त्यांना वर्ज्य. साहेबाला भिंतीवर लावावयास शिंगे हवीत, हमालाला चूल पेटवावयास निमित्त हवे. दोघांचे एका गोळीत काम होई. आमच्याकडे हाका घालणाऱ्यांना शिकारीतला वाटा मिळे तशातलाच हा प्रकार. आणि माझ्या मते सबंध सफरीतला हाच व्यवहार सर्वांत सरळ होता. इथे कुणी कुणाचे आभार मानीत नसे.

दुसरे बक्षीस सिंहाचे. सिंह पडला की तळावर गाणी म्हणत, नाचत, शिकाऱ्याला खांद्यावर उचलून मिरवीत नेत, आणि त्या मिरवणुकीचा शेवट बक्षिसात होई. हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाने १९३३-३४ साली पूर्व आफ्रिकेत शिकार केली आणि १९३६ साली मॅकोंबर नावाच्या गृहस्थाची एक कथा प्रसिद्ध केली. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक असेल. मॅकोंबर सकाळी जखमी सिंहासमोरून चक्क पळाला आहे. सिंह मारला तो गोऱ्या मार्गदर्शकाने. तरीही तळावर आचारी, पोरे, कातडी सोलणारा आणि हमाल त्याला खांद्यावर घेऊन मिरवितात. त्या मिरवणुकीत कोण नाही, हे हेमिंग्वे मुद्दाम सांगतो: बंदूकबरदार नाहीत. कारण त्यांनी पाहिले होते. मग मॅकोंबर विचारतो, या लोकांना काही द्यावे का? मार्गदर्शक म्हणतो, एक पौंड पुष्कळ झाला. त्यांना लाडावून ठेवू नये. मुकादम तो वाटील ना? वाटील, वाटील.

कथा काल्पनिक, पण या चार वाक्यांत सफरीच्या बक्षिसाचे सारे शास्त्र आले आहे. रक्कम घेणारा ठरवीत नाही, देणाराही ठरवीत नाही. ठरवितो तिसरा, ज्याला पुढच्या पाहुण्याच्या वेळी हेच लोक याच पगारावर हवे आहेत. पैसे जातात मुकादमाच्या हाती. खालपर्यंत किती झिरपतात ते देणारा पाहावयास थांबत नाही. आणि ज्या गोष्टीसाठी बक्षीस मिळते ती घडलेलीच नसते! त्याच कथेत पुढे असे येते की, नोकराचा अपराध झाला तर दंड करण्याऐवजी फटके मारतात. हे बेकायदेशीर आहे, पण नोकर तक्रार करीत नाहीत. पगार कापला जाण्यापेक्षा त्यांना फटके परवडतात. पगार मुळात केवढा असला म्हणजे माणूस असा सौदा करतो, याचा विचार आपणच करावा.

तिसरे बक्षीस कागदाचे. सफर संपली की साहेब एक चिठ्ठी लिहून देई: हा मनुष्य प्रामाणिक आहे, सिंहापुढे उभा राहतो. इंग्रजीतला ‘चिट’ हा शब्द आपल्या चिठ्ठीवरूनच झाला. स्वाहिलीत तिला ‘बारुआ’ म्हणतात. पुढची नोकरी या कागदावर मिळे, म्हणून लिहिता-वाचता न येणारी माणसे तो जिवापलीकडे जपत. परंतु पहिल्या महायुद्धानंतर केनियात ‘किपांडे’ आला: प्रत्येक आफ्रिकी पुरुषाने नोंदणीचा कागद बाळगावयाचा, त्यात मालकाने पगार आणि सुटकेची तारीख लिहावयाची, आणि तो कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावयाचा. खुशीने दिलेली चिठ्ठी सक्तीची झाली. मालकाने सही केली नाही तर नोकर दुसरीकडे जाऊ शकत नसे.

इथे एक विसंगती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ज्या वाकांबा लोकांतून नामी माग काढणारे आणि बंदूकबरदार निघाले, ते पिढ्यान् पिढ्या स्वतः शिकारी होते. वालिआंगुलू तर धनुष्याने हत्ती मारणारे. वसाहतीच्या कायद्याने परवान्याशिवाय शिकार हा गुन्हा ठरला, आणि परवाना यांच्या आवाक्यातला नव्हता. म्हणजे वाळलेल्या गवतात हत्तीचा माग काढण्याची जी विद्या साहेबासाठी वापरली तर बक्षीस मिळे, तीच स्वतःच्या चुलीसाठी वापरली तर तुरुंग मिळे. १९५० नंतरच्या दशकात त्साव्होच्या रानात मोठी मोहीम काढून या वालिआंगुलूंना पकडण्यात आले. चोरटी शिकार थांबावयास हवी होती यात शंका नाही. हस्तिदंताच्या व्यापाराने हत्तींचा निःपात चालविला होता. पण दंताचा मोठा पैसा बाण मारणाऱ्याच्या झोपडीत कधीच गेला नाही.

केनियात १९७७ साली शिकार बंद झाली. टांझानिया, झिंबाब्वे, नामिबिया, दक्षिण आफ्रिका इत्यादी देशांत ती आजही परवान्याने चालते, आणि बक्षिसाची रीतही चालते. फक्त तिला आता शिस्त आली आहे. मार्गदर्शक शिकाऱ्याला खर्चाच्या अमुक टक्के, माग काढणाऱ्याला दिवसाला इतके डॉलर, आचाऱ्याला इतके, असा अंदाज पाहुण्याला आधीच कळविला जातो. शेवटच्या दिवशी कुणी पाकिटे करून हातात देतो, कुणी सगळी रक्कम एका पेटीत टाकून वाटणी तळावर सोपवितो. हातात देण्याची रीत मला बरी वाटते. निदान घेणाऱ्याचे तोंड दिसते. पण तीतही एक खोट आहे. ज्याचे तोंड दिसत नाही त्याचे काय? कातड्याला मीठ चोळून ते वाळविणाऱ्याचे काम पाहुणा विमानात बसल्यावरही संपलेले नसते. वरच्याला टक्के आणि खालच्याला ठरीव रक्कम, हाही भेद ध्यानात घेण्याजोगा आहे: सफर महाग झाली की टक्क्यांतला आकडा आपोआप फुगतो, ठरीव आकडा कुणीतरी वाढवावा लागतो. आणि पाहुणे देतातच आहेत म्हणून पगार जिथल्या तिथे ठेवण्याचा मोह मालकाला होतो. हा अनुभव आफ्रिकेपुरता नाही. आपल्या हॉटेलांतल्या वाढप्यांना विचारा.

एक प्रकरण मी शेवटी ठेवले आहे. त्यात बक्षीस नाही, नुसता पगार आहे. पण त्यावाचून या हिशेबाची वजाबाकी पुरी होत नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि पूर्व आफ्रिकेत इंग्रज व जर्मन एकमेकांवर चालून गेले. रस्ते नाहीत, माशीच्या रोगाने जनावरे जगत नाहीत. तेव्हा तोफा, दारूगोळा आणि धान्य माणसांच्या डोक्यावरून न्यावयाचे. सफरीचे हमाल, आणि ज्यांनी कधी सफर पाहिली नव्हती असे लक्षावधी शेतकरी, ‘कॅरिअर कोअर’मध्ये भरती करण्यात आले, आणि पुढे पुढे तर सक्तीने. शिकाऱ्याच्या मिठाचे ओझे वाहणाऱ्याला महिना १० रुपये मिळत. लढाईत तोफगोळे वाहणाऱ्याला ५-६ रुपयांवर आणले. हगवण, ताप आणि उपास यांनी इंग्रजांच्या बाजूचे सुमारे एक लाख हमाल मेले. गोळ्यांनी मेलेले त्यांत थोडे.

आता १८७७ साल आठवा. स्टॅन्ले आफ्रिका ओलांडून झांझिबारला परतला तेव्हा त्याने जिवंतांचे पगार चुकते केलेच, पण वाटेत मेलेल्यांचे नातेवाईक येऊन उभे राहिले त्यांचाही हिशेब केला. स्टॅन्ले काही दयाळू म्हणून प्रसिद्ध नव्हता. पण तांड्याचा तो रिवाज होता. मेलेल्या हमालाचा पगार त्याच्या घरी जावयाचा. महायुद्धानंतर कॅरिअर कोअरच्या मेलेल्या हमालांची फार मोठी रक्कम न वाटता पडून राहिली. वारस सापडत नाहीत, नोंदी नीट नाहीत, अशी कारणे निघाली. निदान ती रक्कम या लोकांच्या हितासाठी वापरावी, अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. लंडनच्या तिजोरीने ती मान्य केली नाही.

नैरोबीत भर रस्त्यावर त्यांचे स्मारक मात्र आहे. ब्राँझच्या तीन पुतळ्यांत एक हमालाचा आहे. खाली इंग्रजी, अरबी आणि स्वाहिली भाषांत मजकूर कोरला आहे. लढताना मेलात तरी तुमचे मुलगे तुमचे नाव आठवतील, असा त्याचा आशय. नाव एकाचेही कोरलेले नाही. तिथून काही अंतरावर, जिथे या हमालांचा तळ होता तिथे, पुढे बाजार भरू लागला. ‘कॅरिअर कोअर’ हे शब्द स्वाहिली जिभेवर घोळून घोळून त्या पेठेचे नाव झाले ‘कारिआकोर’. दारेसलाममध्येही एक ‘कारिआकू’ आहे. दोन्ही ठिकाणी सकाळी भाजीपाल्याच्या गोणी डोक्यावर घेऊन हमाल येतात, आणि ओझे उतरण्याआधी मजुरी ठरवून घेतात.